गोगलगायीवर आलेला शेरा

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. तो खुर्चीत बसूनच करते आहे, कारण आमच्या पत्रिकेच्या कार्यालयात उठलेल्या माणसाला खुर्ची परत मिळत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं डोकं कसं आहे? (तुम्ही निवृत्त होऊन दिवसभर घरी असता, म्हणून विचारलं.) टकले सरांशी तुमचा अबोला अजून चालूच आहे, असं आई म्हणाली. असो, तब्येतीला जपा.

मी मजेत आहे, म्हणजे नोकरी अजून आहे. आमच्या जीवशास्त्राच्या पत्रिकेला शंभर वर्षं होताहेत, म्हणून विशेषांक काढायचा आहे. साहेबांनी मला पत्रिकेचा इतिहास लिहायला सांगितला आणि तो गौरवशाली असावा हेही सांगून टाकलं. मग काय, जुने अंक काढून बसले. पहिल्या अंकाचे लेखक, संपादक आणि परीक्षक एकच गृहस्थ होते, त्यामुळे त्यात मतभेद कुठेच नाहीत. दुसऱ्यात बेडकाचं हृदय उलटं छापलं गेलं. दुरुस्ती आली तोवर त्या चित्रावर एक अख्खी पिढी पास होऊन शिकवायलाही लागली होती. पण विज्ञानाची सेवा आम्ही मनापासून केली हो. चुकीचं ते आधी आम्हीच छापलं, आणि ते चुकीचं आहे हेही आम्हीच छापलं. वर्गणी दोन्ही वेळा घेतली. (हे वाक्य साहेबांनी खोडलं. वाया जायला नको म्हणून तुम्हाला पाठवते.)

आता घोडं अडलंय ते असं. विशेषांकाची शेवटची पानं रिकामी आहेत, छापखानेवाला रोज फोनवर आवाज चढवतो, आणि तिथे बसेल असा एकच लेख कपाटात आहे, बागेतल्या गोगलगायींवरचा. तो लागला नाही तर अंक निघणार नाही, आणि अंक निघाला नाही तर सहायक संपादकाची गरज उरणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं. सहायक संपादक मीच.

आमच्याकडे लेख दोन परीक्षकांकडे जातो, लेखकाचं नाव काढून. नाव पाकिटात बंद, पाकीट निकाल लागेपर्यंत माझ्या खणात. पण परीक्षक भाषेवरूनही लेखक ओळखतील, ही साहेबांना धास्ती. म्हणून ते आधी प्रत्येक लेखाची भाषा स्वतः ‘शुद्ध’ करतात. (त्यांच्या हातून गेलेला लेख जन्मदात्यालाही ओळखू येत नाही.) त्यात तो कपाटात इतकी वर्षं मुरतो की लेखक त्याचा नाद सोडून देतो.

या लेखाला पहिल्या परीक्षकांनी डोक्यावर घेतलं. दुसरे परीक्षक तुम्ही. तुमचा शेरा असा, की लेखकाला गोगलगाय आणि गोटी यांतला फरक कळत नाही, त्याने आधी या विषयातल्या जाणकाराचे, म्हणजे तुमचे, लेख वाचावेत. शेरा पहिल्याच पानावर होता. बाकीची पानं करकरीत परत आली, त्यांना तुमचा हात लागला असेल असं वाटत नाही. साहेब तुमच्या परखडपणावर बेहद्द खूश झाले. मीही मान डोलावली, आणि जागेवर येऊन पाकीट उघडलं.

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. शेरा जरा मऊ करून उलट टपाली पाठवाल का? माझ्या पोटाचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. लेखकाचं नाव सांगायची आम्हाला बंदी आहे, आणि मी नियम मोडणारी नाही. एवढंच सांगते की तो माझ्या आईचा सख्खा भाऊ आहे, आणि आईला भाऊ एकच.

अगदी शेवटचं ता. क. पहिल्या परीक्षकांचं नावही सांगू नये. ते टकले सर, ज्यांना तुमच्या कामाची कदर नाही म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत. त्यांनी स्वतःच्या शेऱ्याखाली लिहिलंय, ‘हे काम करणाऱ्या माणसाला एकदा भेटायची फार इच्छा आहे.’ त्यांना काय कळवू?