खारीसारखा नाकेदार

२० मार्च १९५७
बल्लारपूरहून एटापल्लीच्या नाक्यावर परतलो. तिकडे तंबूत सिनेमाआधी कार्टून दाखवलं. गळ्यात रुमाल बांधलेली खार. लांडगा अंगावर येतो. ती कमरेवर हात ठेवते, काहीतरी चघळते, शीळ घालते. पळत नाही. शेवटी लांडगाच तोंडावर आपटतो.
स्वभाव असा हवा. आजपासून भ्यायचं नाही. जंगल खात्याचा नाकेदार आहे मी.

२३ मार्च
मोहाची फुलं गळू लागली. अस्वलं आली. काल फुलं वेचताना एकानं गावातल्या वारलूचा खांदा फाडला. खाटेवर घालून नेला. मी लांबून पाहिलं. ड्यूटी होती.

२४ मार्च
सोमारी आली. विधवा, दोन पोरं. आत्ता फुलं वाळवली तरच पावसाळ्यात चूल पेटते. पण झाडाखाली जायची कुणाची छाती होत नाही. म्हणाली, "साहेब, तुमी सरकारचे मानूस. उभे राहाल का झाडाखाली?"
म्हटलं, मी असताना कसली भीती, बाई. आवाज बरा निघाला.
शीळ जमत नाही. ओठ कोरडे पडतात. प्रॅक्टिस चालू.

२५ मार्च
पहाटे जायचं होतं. पोटात कळ. उद्या येतो म्हणालो. सोमारी म्हणाली, "आजचं फूल हरणं खाऊन जातीन ना, भाऊ."

२६ मार्च
गेलो. गळ्यात रुमाल. कमरेवर हात. अस्वल आलं. कार्टूनमध्ये वास येत नाही. इथे येतो.
पुढचं नीट आठवत नाही. मी फांदीवर होतो. इतका थरथरत होतो, की फुलं टपटप खाली पडत होती. अस्वल खात होतं म्हणून जाईना. ते जाईना म्हणून मी थरथरत होतो. पोट भरल्यावर गेलं. सोमारीच्या झाडाखाली एक फूल उरलं नाही.
खारही झाडावरच राहते. याला पळणं म्हणत नाहीत.

२७ मार्च
सोमारी बायांना घेऊन आली. "भाऊ, ते अस्वल आता तुमच्याच मागं येते. नाल्यापलीकडच्या झाडावर बसा. आमी इकडं वेचतो."
म्हातारी मनकर्णा म्हणाली, "अन् चांगले हला, बापा." सगळ्या हसल्या.
गावानं विश्वास टाकला. कबूल केलं. नाही म्हणायचीही भीती वाटली.
जाताना मनकर्णा सहज बोलून गेली, की अस्वलाला झाडावर चढता येतं. खाली खायला मिळतं तोवर चढत नाही, एवढंच.

२८ मार्च, झाडावरून
ते खाली आहे. पलीकडे बायांच्या गप्पा ऐकू येतात. ओरडून विचारलं, उतरू का?
सोमारीचा आवाज आला, "नोका उतरू, भाऊ! टोपल्या अर्ध्याच भरल्या. अन् हलणं काऊन थांबवलं?"
हलवली. जोरात हलवली. या फांदीवर आता फूल नाही.
अस्वलानं वर पाहिलं.