काका न आलेला फोटो

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहेत, फक्त काका माझ्याशी बोलत नाहीत (कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. नसल्यास त्यांना डार्करूममध्ये पाठवू नका, तिथल्या औषधांचा वास फार उग्र असतो.

तुम्ही सांगितलेल्या गावी जाऊन फोटोग्राफीची ती जुनी ठिकाणे पाहून आलो. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या स्टुडिओत माझे आजवर जेवढे फोटो निघाले, त्या सर्वांत माझे डोळे मिटलेले आहेत. एकदा तुम्ही मला न सांगता, मी पाणी पीत असताना काढलात, तरी मिटलेलेच. मागच्या स्थळाने तर "मुलगा उठला की कळवा" असा निरोप धाडला होता. आता घड्याळजींच्या मुलीचे स्थळ आले आहे. तिला मी एकदाच पाहिले, त्यांच्या दुकानात. डोळ्याला भिंग लावून ती एका घड्याळाच्या पोटात हलकेच फुंकर घालत होती. मी फक्त पट्टा बदलायला गेलो होतो. पण काय बोलावे ते सुचेना, म्हणून चांगले चालणारे घड्याळ दुरुस्तीला देऊन आलो. हे स्थळ हातचे जाऊ नये असे मला फार वाटते.

पूर्वी फोटोला इतका वेळ लागे, की मध्ये पापणी लवली तरी ती उमटत नसे, हे तुमचे म्हणणे मला पटले होते. मी एकटाच निघालो होतो, पण काका म्हणाले, "अरे, स्थळाला फोटो जायचा आणि त्यात घरचं वडीलधारं माणूस नको? लोक म्हणतील, पोरगा उघड्यावर पडलाय." काका जन्मभर बसवर कंडक्टर होते. अजूनही ते घरात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालतात आणि बसलेल्या माणसाला पुढे सरकायला लावतात.

प्रथम आम्ही तिथल्या पहिल्या फोटोग्राफरचे घर पाहिले. त्याने माडीच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे चित्र घेतले होते, ते खिडकीशेजारीच टांगले आहे. मी चित्रातली छपरे आणि बाहेरची छपरे ताडून पाहिली (एक धुराडे कमी भरले). चित्रात रस्ता ओस पडलेला. राखणदार म्हणाला, "ओस कुठला! ऐन बाजार भरला होता. पण हलणारं माणूस ह्यात उमटत नाही, जे थांबलं तेच आलं." आलेले होते एकच गाढव. काकांना हे अजिबात रुचले नाही. "माणसं गाळायची नि गाढव घ्यायचं, हे कसलं यंत्र?" असे ते जिना उतरेपर्यंत म्हणत होते. मला वाटले, हलायचे नाही हे त्यांच्या ध्यानात आले असेल.

पुढे त्याचाच स्टुडिओ आहे, काचेच्या छपराचा. तिथल्या बाई जुन्या पद्धतीने फोटो काढून देतात. खुर्चीच्या पाठीला लोखंडी चिमटा असतो, त्यात मान अडकवायची, म्हणजे डोके डुलत नाही. तो गार चिमटा मानेला लागताच मला कोणीतरी मागून धरल्यासारखे वाटले आणि माझे डोळे जे विस्फारले ते तसेच राहिले. काकांनी चिमटा नाकारला. "मी काय पळून चाललोय?" बाईंनी कॅमेऱ्याची टोपी काढली आणि काकांनी घाम पुसला. मग बाईंना बसस्टँडचा जवळचा रस्ता समजावून सांगितला. मग माझ्या नाकावरची माशी हाकलली. शेवटी "आपण कसे दिसतोय ते बघून येतो" म्हणून उठले आणि कॅमेऱ्याच्या मागे गेले. मला ओरडता येईना, कारण ओठ हलले असते.

मामा, माझे डोळे उघडे आले आहेत! घुबडासारखे, पण उघडे. शेजारच्या खुर्चीवर काकांची छत्री अगदी स्वच्छ आली आहे. तिच्यावर थोडे धुके, आणि धुक्यात, लक्ष देऊन पाहिल्यास, मिशी. काकांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "म्हणजे ह्यातही गाढवच आलं." तेव्हापासून अबोला आहे.

एक प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या बारीक कुंचल्याने ते धुके पुसून मिळावे. (काकांचा निरोप आहे की पुसायचे नाही, पुरे करायचे.) मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधीच कळले, की आईने दुसरी प्रत घड्याळजींकडे पाठवूनही दिली. धुक्यासकट.

दुसरा ता. क. कृपया धुके पुसू नका. घड्याळजी स्वतः येऊन गेले. मुलीने फोटो भिंगाखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "शेजारी भूत येऊन बसलंय, तरी ह्या माणसाची पापणी लवली नाही. इतका धीराचा असेल तर मला पसंत आहे." आई पेढ्यांचे बघते आहे. काकांना भुताचे अजून कळवलेले नाही.

मामा, तुम्ही मिळेल त्या गाडीने या. ते भूत नाही, काका आहेत, आणि मी धीराचा नाही, हे तिला आधीच सांगितलेले बरे. मी स्वतः सांगायला दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आलो, पण भीती वाटते.