अठ्ठ्याऐंशी किलोची चिठ्ठी

७ जानेवारी १९७४, सोमवार
निश्चय. रेसर सायकल घ्यायची. पाटणच्या डोंगरवाटांवर जाड टायरची काळी सायकल अकरा वर्षं हाणली. आता वार्ताहर म्हणून नेमणूक इस्लामपूर-सांगली डांबरी रस्त्यावर. बातमी पाचच्या आत सांगलीच्या कचेरीत हवी, आणि डांबरावर ती सायकल रेड्यासारखी चालते. सौ. म्हणाली, "सायकलीला कशाला नावं ठेवताय? वर बसणारं..." पुढे बोलली नाही. मौन संशयास्पद.

८ जानेवारी
सांगली. कोंडीबाचं सायकल दुकान. एक रेसर बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची. दुसरी जरा जाड, मागच्या चाकाला चाळीस स्पोक. कोंडीबानं थेट वजन विचारलं. म्हटलं, खासगी बाब आहे. तर म्हणतो, "आवं सायब, मी सोयरीक जमवत न्हाई, रिमची काळजी करतुय. नव्वद किलोच्या वर बारीक चाकाला गॅरंटी न्हाई. जाड घ्या." जाडवर बोटभर धूळ होती. म्हणजे खपत नसलेला माल माझ्या गळ्यात. ओळखलं.

९ जानेवारी
स्टेशनवरचं वजनाचं यंत्र. ९८. पुन्हा नाणं टाकलं. ९८. दोनदा तोच आकडा म्हणजे खोटेपणातलं सातत्य. तिकिटामागे भविष्य: 'आपली पारख अचूक ठरेल.' तिकिटाची मागची बाजू विश्वसनीय वाटली. शिवाय खिशात वही, पेन्सिल आणि किल्ल्या होत्या.

१२ जानेवारी, दुपार
सयाजी आला. लष्करातला माजी हवालदार, आता ऊस लावतो, गुळाचे रवे म्हणजे ढेपा करतो. म्हणाला, "लालासाहेब अडत्याचा काटा खोटा हाय सायब. तीस किलोचा गुळाचा रवा सत्तावीस भरतुय. शुक्रवारी माझं चाळीस रवं जायचं हायती, वरीसभराची मेहनत हाय. त्याच्या आत रिपोर्ट मारा." शब्द दिला. स्वतः शहानिशा करीन म्हटलं. मी कुणाच्या सांगण्यावर जात नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
लालासाहेबांची अडत. तिळगूळ दिला त्यांनी. काटा तपासायला हाताशी दुसरं काही जड नव्हतं, म्हणून स्वतःच बसलो. हेतू निव्वळ शोधाचा. हमालानं वजनं चढवली: ८८! लालासाहेबांनी शिक्क्याची चिठ्ठीही दिली. म्हणाले, "गोड बोला सायब." अत्यंत सभ्य गृहस्थ.

अनुमानापेक्षा प्रत्यक्ष प्रमाण श्रेष्ठ, हे संस्कृत पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकलो. काटा बरोबर, स्टेशन खोटं, सयाजीचा गैरसमज. लष्करातला माणूस, जिकडेतिकडे शत्रू दिसतो. असा संशयी स्वभाव बरा नव्हे.

१५ जानेवारी
बातमी दिली: 'गुळाचा काटा निर्दोष, वार्ताहराने स्वतः खात्री केली.' मग चिठ्ठी घेऊन कोंडीबाकडे. त्यानं चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा चिठ्ठी पाहिली. "कागद म्हणतुय तर असंल." बारीक घेतली.

१७ जानेवारी
पहिली फेरी. आष्ट्यापर्यंत वाऱ्यासारखा. पुढे टिंग. मग टिंग टिंग. कोंडीबानं स्पोक ढिले ठेवले असणार. फर्लांगभर गेल्यावर मागच्या चाकाचा इंग्रजी आठ झाला. उसाच्या गाडीनं सांगली गाठली. सायकल उसावर, मी गाडीवानाशेजारी. बैलांनी दोनदा मागे वळून पाहिलं. बातमी साडेसातला पोचली.

१८ जानेवारी, शुक्रवार
कोंडीबाकडे गॅरंटी मागितली. तो शेजारच्या लाकडाच्या वखारीत घेऊन गेला. सरकारी शिक्क्याचा काटा. ९८. म्हटलं, वखारवाल्याचे रेल्वेशी संबंध असणार. वखारवाला म्हणाला, "व्हय, लाकडं तिकडनंच येत्यात."

तेवढ्यात सयाजी शोधत आला. हातात आमचा अंक. सकाळी लालासाहेबांच्या काट्यावर त्याचे रवे सत्तावीसच भरले. तक्रार केली, तर लालासाहेबांनी माझीच बातमी पुढे केली. सयाजी ओरडला नाही. "सायब, तुमी स्वता बसला व्हता न्हवं?" एवढंच विचारलं. कोंडीबा पुटपुटला, "व्हय व्हय. बसल्यालं. चिठ्ठी खिशात हाय." सयाजीनं वखारीचा काटा पाहिला. "हितं अठ्ठ्याण्णव, तितं अठ्ठ्याऐंशी. द्या ती चिठ्ठी. सरकारी काट्यावर उतरल्यालं वजन वखारवालं लिहून देत्याल."

चिठ्ठी दिली तर बातमी खोटी, गॅरंटी गेली, आणि वजन जगजाहीर. बराच वेळ वखारीतली लाकडं मोजली. सयाजी हात पुढे करून उभाच.

दिली. वर बातमी चुकल्याची कबुली लिहून सही केली.

२२ जानेवारी
वजनमापे खात्याच्या माणसानं लालासाहेबांचा काटा जप्त केला. सयाजीचे चाळीसही रवे पुन्हा मोजले, तिसाला तीस. सयाजी एक रवा घेऊन घरी आला. सौ.समोर म्हणाला, "वहिनी, सायबांचं दहा किलो लय कामी आलं." ती तोंडाला पदर लावून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

कोंडीबानं बारीक परत घेऊन जाड दिली. "ही मोडायची न्हाई. निदान लगीच न्हाई."

संपादकांनी दुरुस्ती माझ्याकडूनच, आकड्यांसकट लिहून घेतली. आज छापून आली. नोकरीत प्रथमच पहिल्या पानावर आलो. नाव नाही. वजन आहे.