‘बूट घाल नि जा’चे सर्व हक्क

४ मे, सोमवार
आजपासून रोज डायरी. फक्त स्वतःसाठी. बाकी कुणाची वाचायची लायकी नाही.
संकल्प : सिगारेट बंद. सकाळी सहाला उठणे. रोझीचा करार वाढवून घेणे. पैकी पहिले दोन उद्यापासून.
तिसऱ्याची काळजी नाही. रोझी ओक ही आमच्या ‘कू एंटरटेनमेंट’ची प्रमुख गायिका. एकमेव म्हटलं तरी चालेल. सोलमधल्या बड्या कंपन्या पोरं-पोरी डझनावारी पाळतात, खुराड्यातल्या कोंबड्यांसारख्या. मी क्वालिटीवाला माणूस. एकच, पण घडवलेली.
करार दहा जूनला संपतो. सात वर्षं तिच्यासाठी रक्त आटवलं. मूळ नाव ओक माल्सुन. असल्या नावानं बाजारात मुळे विकावेत. ट्रॉटसारखी ठेक्याची, जुन्या ढंगाची गाणी गाणारीला नाव कसं झुळझुळीत पाहिजे! रोझी हे नाव मी दिलं. ‘तुझ्यासाठी काय नाही केलं?’ अशी तिला अधूनमधून आठवण करून देत असतो. ती मान डोलावते. कृतज्ञ आहे.

७ मे, गुरुवार
मारान जिल्ह्यात शेतकी सोसायटीचा कार्यक्रम. रोझीनं चार गाणी म्हटली. ‘बूट घाल नि जा’ला म्हाताऱ्यांनी दोनदा वन्स मोअर दिला. त्यांना काय, दुसरा उद्योग नाही.
परतताना व्हॅनमध्ये तिच्या डब्यातलं उकडलेलं अंडं मी खाल्लं. गाणाऱ्या माणसाला अंडं जड पडतं. ही काळजी कोण घेतो? मीच.
मोजे ओले झाले होते, ते डॅशबोर्डवर वाळत टाकले. रोझीनं खिडकी उघडली. म्हटलं, गळ्याला वारा लागेल. म्हणाली, “लागू दे. निदान श्वास तरी घेता येईल.” गावंढळ बोलणं अजून जात नाही.
मग करार काढला. म्हणाली, बघू, निवडणूक तर होऊ दे. बाईमाणसाला निवडणुकीचं काय करायचंय? पण नाही म्हणाली नाही. म्हणजे हो.

११ मे, सोमवार
सिगारेट उद्यापासून. आज कामाचा ताण होता.
ऑफिसात एक बाई आली. थे मिहवा. डुकरांची डॉक्टर. अंगाला गोठ्याचा वास, आणि उभी राहतेय मारानच्या जिल्हाप्रमुखपदाला! निवडणूक आली की सगळ्यांनाच ट्रॉटची गाणी लागतात. चाल तीच, शब्द बदलायचे, आपलं नाव घुसडायचं आणि ट्रकवरून दिवसभर कोकलायचं. हिलाही ‘बूट घाल नि जा’ हवं होतं.
म्हटलं, नवे शब्द लिहून आणलेत का? तर म्हणते, “शब्द बदलायचेच नाहीत. आहे तसंच वाजवायचंय.”
मी पोट धरून हसलो. शब्द बदलायचे नाहीत, मग प्रचार कसला? डोकं आहे का या लोकांना? सांगितलं, बाई, तुम्ही डुकरांना इंजेक्शनं द्या. ती शांतपणे उठली आणि गेली. हसणाऱ्या माणसापुढे उभं राहायची हिंमत लागते, ती नाही.

१४ मे, गुरुवार
योमसाहेबांचा फोन. खुद्द त्यांचा! योम चानशिक. मारानचे आत्ताचे जिल्हाप्रमुख, पुन्हा उभे आहेत. हरणं शक्यच नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक बाकड्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.
त्यांनाही आमचंच गाणं पाहिजे. आणि एकट्यालाच पाहिजे, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. कबूल केलं.
फीचं विचारलं तर म्हणाले, “कूसाहेब, चिल्लर कसली मागता? निवडून आलो की मारानचा लसूण महोत्सव चार वर्षं तुमचा. कलाकार तुमचे, स्टेज तुमचं.”
तोंडी आहे, पण सभ्य माणसांत कागद लागत नाही. चार वर्षं! रोझी हे ऐकून करारावर स्वतःहून सही करील. पेन तेवढं हातात द्यायचं.

१६ मे, शनिवार
एक फालतू कटकट.
‘बूट घाल नि जा’ तीन वर्षांपूर्वी रोझीनं व्हॅनमध्ये बसून लिहिलं. चालही तिचीच. हक्क अर्थातच माझ्याकडे. गाणं कुठंही वाजलं, कुणीही गायलं की पब्लिशर म्हणून रॉयल्टीतला वाटा मला. पण शब्द बदलायचे तर लिहिणाऱ्याची परवानगी लागते. कुणी केला हा कायदा? गाणं विकायची अक्कल नसलेल्यांनी.
रोझीला कागद दिला. सही करीना. म्हणाली, “माझ्या गाण्यात त्या योमला कशाला घुसवता? तो माणूस आमच्या गावाला फक्त फीत कापायला येतो.” (तिचं माहेर मारानचं.)
म्हटलं, तुझ्यासाठी काय नाही केलं? तर एकदम हसायलाच लागली. बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “असं करा. गाण्याचे हक्क माझ्या नावावर करा. लगेच सही देते.”
चेहरा गंभीर ठेवून म्हटलं, विचार करतो.

१८ मे, सोमवार
दिले हक्क! आतून उकळ्या फुटत होत्या, पण वरून असा चेहरा केला की जणू किडनी देतोय. आता तो सगळा हक्क तिचा, आणि शब्द बदलायची परवानगी माझी. एक घासून गुळगुळीत झालेलं गाणं देऊन चार वर्षांचा लसूण महोत्सव! पोरीला व्यवहार कळत नाही. वाईटही वाटलं जरा.
कागद माझ्या इटालियन बॅगेत ठेवला. ही बॅग कायम माझ्या काखेत असते. धंद्यात पहिली छाप बॅगेची पडते. आत सध्या कंगवा आणि पित्ताच्या गोळ्या आहेत, पण ते लोकांना काय माहीत?

१९ मे, मंगळवार
नवे शब्द मी स्वतः लिहिले. अर्ध्या तासात. मूळचं आहे :
जा, जा, बूट घाल नि जा,
दार मी लावून घेईन.
माझं :
या, या, योमसाहेब या,
दार आम्ही उघडून ठेवू.
काय कठीण आहे त्यात! कवी लोक उगाच भाव खातात. रोझी म्हणाली, दुसऱ्या कडव्याचं काय करणार? खरं सांगायचं तर दुसरं कडवं मी कधी ऐकलेलंच नाही. पहिलं झालं की माझे फोन सुरू होतात. म्हटलं, ट्रकवर एकच कडवं पुरतं. ती म्हणाली, “बरोबर. दुसरं तुमच्यासाठी ठेवा.”
गायला मात्र नकार दिला. दुसरी पोरगी आणून रेकॉर्ड केलं. चालायचंच.

२१ मे, गुरुवार
प्रचार सुरू! सहाला उठलो (साडेआठ). मारानच्या बाजारात जातीनं हजर. योमसाहेबांचा ट्रक आला, वर पांढरे हातमोजे घातलेल्या बायका नाचतायत, भोंग्यातून माझे शब्द. आणि काय सांगू! अख्खा बाजार गायला लागला. मासळीवाल्या, टोफूवाला, बसस्टॉपवरच्या आज्या, सगळे.
शब्द थोडे चुकत होते. भोंगा म्हणत होता “या, या”, लोक म्हणत होते “जा, जा”. जुनी सवय. दोन दिवसांत सुटेल.
योमसाहेब ट्रकवरून हात हलवत होते. चेहरा जरा ओढलेला वाटला. ऊन होतं.

२४ मे, रविवार
योमचा फोन. काय ती भाषा! म्हणे, ट्रक गावात शिरला की म्हाताऱ्या पायातले बूट काढून वर धरतात आणि गातात. काल एका आजीनं स्टेजवर येऊन त्याच्यापुढे बुटांची जोडी नीट मांडून ठेवली, टाचा त्याच्याकडे, टोकं बाहेरच्या दिशेला, पाहुण्याला निरोप देताना मांडतात तशी. तो प्रकार कुणीतरी मोबाइलवर घेतला आणि आता अख्खा देश बघतोय.
म्हटलं, साहेब, पब्लिसिटी म्हणजे पब्लिसिटी. तर फोनवरच किंचाळला. राजकारणात असले हलक्या काळजाचे लोक येतातच कशाला?

२७ मे, बुधवार
योमनं गाणं बंद केलं. आता ट्रक मुक्यानं फिरतो. लोक तो बघूनच गायला लागतात.
आणि ती डुकरांची डॉक्टर! तिनं गाणं घेतलेलंच नाही. नुसती चौकात उभी राहते, वाकून नमस्कार करते. लोकच तिच्याभोवती गातात. तिचा पैसा न् पैसा वाचला. याला चोरी नाही तर काय म्हणायचं? वकिलाला फोन केला. तो म्हणाला, रस्त्यात गाणाऱ्या म्हातारीवर केस कशी घालणार? वकीलही गुणगुणत होता.

३ जून, बुधवार
योम आपटला. तोंडावर.
लसूण महोत्सवाचं विचारायला फोन केला. त्यानं माझ्या आईचा उल्लेख केला आणि फोन ठेवला. बरं झालं पडला. माणूस मुळातच हलका. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. (डायरीत लिहायचं राहिलं.)
सिगारेट : दोन पाकिटं.

५ जून, शुक्रवार
नव्या जिल्हाप्रमुखांना अभिनंदनाचा पुष्पगुच्छ पाठवून फोन केला. त्यांना म्हटलं, डॉक्टरीणबाई, तुमचा विजय म्हणजे एका अर्थानं माझाच. लसूण महोत्सवाला रोझीला आणतो.
म्हणाल्या, “रोझीताईंशी माझं बोलणं झालंय. गाण्याचे हक्कही त्यांचेच आहेत ना? मग मधे तुम्ही कोण?” मी म्हटलं, मॅनेजर. म्हणाल्या, “दहा तारखेपर्यंत ना?”
डुकरांत राहून माणसाला बोलायची रीत राहत नाही.

६ जून, शनिवार
आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पांगमावशीचं नोरेबांग आहे. तासावर खोली घ्यायची, माइक धरायचा आणि स्क्रीनवरचे शब्द वाचत घसा फाडायचा. आज जिन्यात मावशीनं अडवलं. “काय कूसाहेब, तुमची तर चांदी! सातही खोल्यांत ‘बूट घाल नि जा’ चालू आहे. बाया दुसरं कडवं तर असं गातात की भिंती हलतात. प्रत्येकीच्या घरी म्हणे असलाच एक आहे.”
देशभर असंच चाललंय म्हणे. प्रत्येक वेळी रॉयल्टी. पब्लिशरला.
पित्ताच्या तीन गोळ्या घेतल्या.
पण घाबरायचं कारण नाही. करार झाला की गाणं हळूच परत नावावर करून घेईन. पोरीला व्यवहार कळत नाही.

९ जून, मंगळवार
उद्याची तयारी. क्रीमचा केक आणला. त्यावर ‘रोझी – कू, आणखी सात वर्षं’ लिहून घेतलं. बेकरीवाला म्हणाला, लग्नाचा वाढदिवस का? काहीतरीच! पण केक पुन्हा एकदा बघितला. माझ्या जन्मात दुसरं कुणी इतकं टिकलं नाही, हेही खरंच.
कोरे मोजे घातलेत.

१० जून, बुधवार
आली. केक बघून म्हणाली, “अय्या, किती छान.” मनापासून म्हणाली, मी आवाज ओळखतो. सात वर्षं दुसरं केलं काय?
पेन पुढं केलं. तिनं ते टोपण लावून टेबलावर ठेवलं. म्हणाली, “कूसाहेब, मी आता माल्सुन नावानंच गाणार आहे. मारानला राहणार. मॅनेजर कुणी नको.”
म्हटलं, माल्सुन? कोण ऐकणार? म्हणाली, “बघू की.”
मग माझ्या तोंडून निघालंच : अगं, तुझ्यासाठी काय नाही केलं? या वेळी ती हसली नाही. म्हणाली, “व्हॅन चालवलीत. पावसापाण्यात, बर्फात, एकदाही पोचायला उशीर केला नाहीत. ते विसरणार नाही हं.”
ती बूट घालेपर्यंत मी दाराशी उभा होतो. दार मीच लावून घेतलं.
टेबलावर उकडलेलं अंडं ठेवून गेली होती. मिठाच्या पुडीसकट.
कृतघ्न. केक एकट्यानं अर्धा संपवला. अंडं नाही खाल्लं.

११ जून, गुरुवार. दुपार
आजपासून नव्या टॅलेंटचा शोध. पण आधी धंद्याचा अभ्यास म्हणून पांगमावशीकडे गेलो. म्हटलं, एवढं काय आहे त्या दुसऱ्या कडव्यात, बघू तरी. मावशी म्हणाली, तासाचे पैसे आधी. म्हटलं, पब्लिशरकडून पैसे घेतेस? म्हणाली, “पब्लिशर ती ना आता?” बातम्या जिन्यानं पसरतात.
खोली छोटी. बॅग शेजारी ठेवली. पहिलं कडवं म्हटलं. आवाज बरा लागला. मग स्क्रीनवर एकेक ओळ यायला लागली.

माझ्या डब्यातलं अंडं तुला,
व्हॅनच्या खिडकीत मोजे तुझे.

पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, असतात बुवा असली माणसं! कोण असेल हा बावळट? तिचा नवरा तर लग्नानंतर दोन वर्षांतच पळाला, व्हॅनबिन काही नव्हती त्याच्याकडे. बिचारी. मला कधी बोलली नाही.

काखेत बॅग मोठ्या ऐटीची,
आत कंगवा नि गोळ्या पित्ताच्या.
म्हणतोस, तुझ्यासाठी काय नाही केलं?

शेवटची ओळ म्हणताना आवाज चिरकला, पण पूर्ण म्हटली. अर्धवट सोडायची माझी सवय नाही. शेजारच्या खोलीतल्या बायकाही नेमक्या तिथंच पोचल्या होत्या. भिंतीपलीकडून साथ मिळाली.
मशीननं तुतारी वाजवली आणि शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मार्क दिले. स्क्रीनवर आलं : ‘अगदी मनापासून गायलात!’
तास संपायला अजून बराच वेळ होता. बसून राहिलो.
वर आल्यावर पांगमावशी मागून धापा टाकत आली. म्हणाली, “अहो, बॅग विसरलात.”
म्हटलं, माझी नाही.
अंडं खाल्लं.