वंदनाचा ताप

१२ सप्टें.
वंदना आरमोरीहून माझ्याकडे ऊर्जानगरला आली. धाकटी बहीण, पण आज माझ्याहून म्हातारी दिसली. सतरा दिवस ताप. तिकडे तीनदा रक्त तपासलं, मलेरिया नाही. तरी गोळ्या मलेरियाच्याच. घसा, मनगटं, गुडघे धरलेले. संध्याकाळी कुडकुडते, सकाळी हसते. म्हणते, "धानाच्या रोवण्याचा चिखल बाधला, अजून काय."

१४ सप्टें.
दवाखाना. ऊर्जानगरहून बस, मग रांग. तिला बसवेना, म्हणून निघताना तापाची गोळी दिली. डॉ.समोर ताप नाही, अंगावर काही नाही.
"ताप कुठी आहे बाई?"
ऑटोत वंदना म्हणाली, "ताई, मी ढोंग करून राह्यली का?"

२० सप्टें.
पुन्हा तेच. पुन्हा गोळी देऊनच नेलं.

२७ सप्टें.
गोळ्या संपल्या होत्या. संध्याकाळी पाचला ताप एकशे चार. पाठीवर, मांड्यांवर फिकट गुलाबी चट्टे. रोज येतात म्हणे.
"सांगितलं काऊन नाही?"
"सकाळी राहतच नाई ना. कोणाले दाखवू?"
फोटो काढले.

२९ सप्टें.
नागपूर. संधिवाताच्या डॉक्टरबाई. फोटो बराच वेळ पाहिले. मग मला, "दवाखान्यात नेताना गोळी देत होतात?"
हो म्हणाले. "गोळीनं ताप उतरला की चट्टेही जातात," म्हणत त्या लिहीत राहिल्या.

४ ऑक्टो.
जंतुसंसर्ग नाही, कॅन्सर नाही. एकेक वगळून नाव सापडलं, स्टिल्स डिसीज. जंतू नसताना शरीर आपणच पेटतं. स्टेरॉइड सुरू.
संध्याकाळी ताप नाही. वंदनानं थर्मामीटर झटकून पाहिला. "बंद पडला का हा?"
किती दिवसांनी दोघी हसलो.

९ ऑक्टो.
ताप उलटला. रक्तातल्या पेशी उतरल्या, यकृत सुजलं. आयसीयू.
डॉक्टरबाईंना विचारलं, तीन आठवडे आधी कळलं असतं तर?
"तसं सांगता येत नाही."
फरक पडला नसता, असं म्हणाल्या नाहीत.

१० ऑक्टो.
नवं इंजेक्शन सुरू केलंय. गुण येतो का, दोन-तीन दिवसांत कळेल. पाच मिनिटं आत सोडलं. ओठ फुटलेत. हात माझ्या हातात, गरम.
"तू काऊन रडून राह्यली? तूच तर मले इथवर आणली."
गोळ्यांचं सांगणार होते. तोंड उघडलंही.
"पाणी पाजशील?" म्हणाली.
चमच्यानं पाजलं. दोन चमचे गेले. तिसरा गालावरून ओघळला, पुसेपर्यंत सिस्टर आल्या.
उद्या सकाळी अकराला पुन्हा आत सोडतील म्हणाल्या.