राष्ट्रीयत्वाचा रकाना

अण्णा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. मी इथे म्युनिकजवळच्या एका सरकारी ऑफिसात हिंदीची दुभाषी म्हणून जाते. आज समोर एक रोहिंग्या बाई होती, मांडीवर इथेच जन्मलेली मुलगी. बाई वाढली ब्रह्मदेशात, मग दहा वर्षं हैदराबादच्या झोपड्यांत, म्हणून तिला हिंदी येते. ब्रह्मदेश तिला आपली मानत नाही. अधिकारीबाई सभ्य होत्या. दोघींच्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्यांनी 'उनगेक्लेर्ट' लिहिलं आणि सांगा म्हणाल्या. मी सांगितलं, "तय नहीं हुआ." बाईने मुलीकडे पाहिलं. "मेरा छोड़ो. ये तो इधरीच पैदा हुई ना?"

मला तुमची शाळा आठवली. तुम्ही हेडमास्तर, मी चौथीत. जूनमधली सकाळ आहे, एक डोंबारीण मुलीचं नाव घालायला व्हरांड्यात उभी आहे. तुम्ही गाव विचारता. पालं पडतील ते गाव, असं ती म्हणते. तुम्ही रजिस्टर मिटता. ती मुलगी माझ्याएवढीच होती, तेल लावून घट्ट वेणी घालून आली होती. गावातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख तुम्हीच एक जून लिहिली होती. माझीही, वर्ष वाया जाऊ नये म्हणून. जेवताना मी एवढंच विचारलं, की तिचंही असंच कुठलंतरी गाव लिहिलं असतं तर? तुम्ही ताट बाजूला सारलंत. "आज इथे, उद्या तिथे. असल्यांसाठी मी खोटं लिहू?" माझ्यासाठी लिहिलं होतंत, अण्णा. त्याच खोट्या तारखेवर माझा पासपोर्ट निघाला, व्हिसा झाला, गेल्या वर्षी जर्मन नागरिकत्वही मिळालं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. गावात अजून तुम्हाला देवमाणूस म्हणतात. मीही म्हणत आले.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहितेय. दोन वर्षांनी पुन्हा या, असं त्या दोघींना सांगून झालं. बाहेर कॉरिडॉरमध्ये बाईने माझा हात धरला. "कल स्कूल में पूछे तो ये किधर की बोले? मैडम से पूछके आओ ना." मी आत गेले. खुर्चीवर राहिलेला स्कार्फ उचलला, अधिकारीबाईंना शनिवार-रविवार छान जावो म्हणाले, आणि बाहेर येऊन तिला सांगितलं, "पूछा. उनको भी नहीं मालूम." तिने मान हलवली, माझे आभार मानले.

मी विचारलंच नव्हतं, अण्णा.