मागे चालू असलेले प्रोग्रॅम : तीन

९ जून २०२५, सोमवार. संध्याकाळी ७.
बायकोच्या, म्हणजे रूपाच्या, परीक्षेचा मेल आला. रविवार २२ तारीख, सकाळी दहा, ऑनलाईन, घरूनच. विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासायचं काम. घरी बसून आणि पर्मनंट. भरती वर्षातून एकदाच, वयाची मर्यादा अडतीस, आणि रूपा ऑगस्टमध्ये अडतीस पूर्ण करते. म्हणजे ही एकच संधी.
पोस्टचं नाव सीनियर एक्झिक्युटिव्ह. मी अकरा वर्षं शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत असिस्टंट स्टोअरकीपर आहे. मला त्याचं काही वाटत नाही.
लॅपटॉपची बाजू मी सांभाळणार, असं जाहीर केलं. रूपा म्हणाली, विशाखाला एकदा दाखवू का? विशाखा म्हणजे तिची मैत्रीण, मागच्याच गल्लीत राहते, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. म्हटलं, घरात माणूस असताना बाहेरच्याला कशाला? स्टोअरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे मलाच हाक मारतात.

११ जून, बुधवार.
परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकलं. सराव परीक्षा उघडली तर लाल चौकट. तीन प्रोग्रॅम चालू आहेत, बंद करून परत या. परीक्षा सुरू असताना दुसरं काही चालू दिसलं तर पेपर आपोआप जमा होईल, असा दमही खाली.
स्क्रीनवर काहीच उघडं नव्हतं. ब्राऊझर, मीटिंगचं ॲप, गाण्यांचं ॲप, सगळं मी स्वतः फुली दाबून बंद केलेलं. सॉफ्टवेअर धडधडीत खोटं बोलतंय. परीक्षावाल्यांना मेल टाकला. भाषा कडक ठेवली.

१२ जून.
उत्तर आलं. फुली दाबली की काही प्रोग्रॅम फक्त दिसेनासे होतात, मागे चालूच राहतात. हे मला माहीत होतं. ते त्यांना माहीत आहे का, एवढंच बघायचं होतं.

१३ जून, शुक्रवार. सुट्टी टाकली.
टास्क मॅनेजर नावाची जागा सापडली. तिथं मागं चालणारे सगळे दिसतात. मीटिंगचं ॲप निवडलं, एंड टास्क दाबलं. गेलं. तीन सेकंदांत परत हजर. परत मारलं, परत आलं. सव्वीस वेळा. बोट आखडलं. तेवढ्या वेळात रूपानं पोहे केले, खाल्ले आणि गणिताचा एक सेट सोडवला.
माघार घेणार नाही.

१४ जून.
कंपनीत सहज म्हणून आमच्या स्टोअरच्या सांडू साहेबांना विचारलं. रिस्टार्ट कर म्हणाले. एवढं मला कळत नाही का? तरी घरी येऊन केलं. आता तिन्ही प्रोग्रॅम न उघडताच चालू होतात. साहेबांचा सल्ला. दुसरं काय होणार.

१५ जून, रविवार.
फुकटात एक क्लीनर मिळाला. टर्बो क्लीनर. त्यानं चारशे बारा दोष शोधले आणि सगळे काढले. रूपाला बोलावून दाखवलं. छान म्हणाली.
सराव परीक्षा उघडली. चार प्रोग्रॅम चालू आहेत. चौथा टर्बो क्लीनर.

१६ जून.
टर्बो क्लीनर काढण्यासाठी दुसरा क्लीनर टाकला. पाच.

१७ जून, मंगळवार.
कॅमेऱ्याची तपासणी. नवीच भानगड. रूपा एकटी बसलेली असताना सॉफ्टवेअर म्हणतं, खोलीत दोन व्यक्ती आहेत. मी कपाटामागं, पलंगाखाली पाहून आलो. मग लक्षात आलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोतला चेहरा मोजतंय. फोटो काढायचा प्रश्नच नाही. कॅमेऱ्यावर अर्धी चिकटपट्टी लावता येईल का, यावर मी विचार करत होतो. तेवढ्यात रूपानं टेबल फिरवलं. म्हणाली, आता ते समोर राहतील, बरंच आहे की.
टेबल फिरवण्याचं माझ्याही मनात होतं.

१८ जून.
बोटाला बाम लावला. बाकी प्रगती नाही.

१९ जून, गुरुवार. रात्री ८.
रूपानं जेवताना परत विशाखाचा विषय काढला. दोनच मिनिटांचं काम असेल म्हणाली. दोन मिनिटांचं! मी दहा दिवस काय करतोय मग? ताट सरकवलं आणि उठलो. सकाळचा डबाही नेणार नाही, एवढं फक्त सांगितलं.
मी रागावलो नव्हतो. भूक नव्हती.

२० जून.
संध्याकाळी रूपा म्हणाली, तुम्हीच बघा, मी कुणाला विचारत नाही, पण दोन घास खा. शेवटी माझ्यावर विश्वास बसला. खाल्लं.

२१ जून, शनिवार.
जमलं! सांगतो कसं. पाचही प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमध्ये एकामागून एक मारायचे. पहिला परत यायला तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत रूपानं स्टार्ट दाबायचं. मी 'हां' म्हणायचं, तिनं दाबायचं. सतरा वेळा चुकलं, अठराव्याला लाल चौकट आली नाही. सराव परीक्षेचा पहिला प्रश्न समोर. लगेच बंद करून ठेवली, उगाच बिघडायला नको.
तपासणी सुरुवातीलाच होते, एकदा आत गेलं की कोण विचारतंय? रूपा म्हणाली, आत गेल्यावर ते परत चालू झाले तर? म्हटलं, तू अभ्यासाकडं लक्ष दे.

२२ जून, रविवार. सकाळी १०.०५.
चौथ्या 'हां'ला आत गेली. मी स्वयंपाकघरात बसलोय. खोलीत दुसरी व्यक्ती चालत नाही. घरात शांतता आहे. विशाखाबाई असत्या तर एवढं जमलं असतं का, शंकाच आहे.

१०.२०. आतून माऊसचा आवाज येतोय. एकसारखा. फटाफट सोडवतेय.

१०.५०.
रूपा दहा मिनिटांपूर्वी बाहेर आली. म्हणाली, संपलं. म्हटलं, इतक्यात? हुशार आहेस. म्हणाली, कोपऱ्यात एक पाटी उघडली, 'तुमचा संगणक आता स्वच्छ आहे', आणि पेपर जमा झाला. ऐंशीपैकी एकतीस प्रश्न झाले होते. बत्तिसाव्याचं उत्तर तिला येत होतं.
कपडे वाळत घालते म्हणून गच्चीवर गेली. बादली इथंच आहे.

२३ जून.
परीक्षावाल्यांना मेल. दोष क्लीनरचा आहे, उमेदवाराचा नाही, हे सात मुद्द्यांत मांडलं. माणुसकी म्हणून तरी परत पेपर घेतील.

२५ जून.
उत्तर नाही. म्हणजे विचार चालू आहे. चांगलं लक्षण.

२७ जून, शुक्रवार.
उत्तर आलं. एका ओळीचं. नियमानुसार उमेदवारी बाद, फेरपरीक्षा नाही. सातपैकी एकाही मुद्द्याला हात लावलेला नाही. रूपाला वाचून दाखवलं. तिनं पुस्तकं आवरली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. तिचा हात पुरत नव्हता, मी स्टूल दिलं.

२९ जून, रविवार. संध्याकाळी.
विशाखा आली होती. मी बोलावलं नव्हतं, रूपानंही नाही. परीक्षा कशी गेली विचारायला आली. रूपानं सगळं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. विशाखा म्हणाली, बघू का भाऊजी. मी लॅपटॉप दिला.
ब्राऊझरच्या सेटिंगमध्ये एक टिक होती, बंद केल्यावरही मागं चालू ठेवा म्हणून. ती काढली. मीटिंगच्या आणि गाण्यांच्या ॲपमध्येही तसलीच टिक. दोन्ही क्लीनर काढून टाकले. माझी नजर घड्याळावर होती. चार मिनिटं लागली, त्यात तिनं चहाही पिला.
मग ती रूपाला म्हणाली, "ताई, मी मागच्याच गल्लीत होते. एक फोन तर करायचा."
रूपा कप उचलत होती. म्हणाली, "केला असता गं. पण हे जेवत नव्हते."
विशाखानं माझ्याकडं बघितलं नाही. मला भयंकर लाज वाटली. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, तेव्हा मला भूक नव्हती. विशाखा उठली.
ती गेल्यावर मी सराव परीक्षा उघडली. लाल चौकट नाही. टास्क मॅनेजर नाही, 'हां' नाही, काही नाही. थेट पहिला प्रश्न. रूपाला हाक मारली, ये, बघ, चालू झालं.
ती आतूनच म्हणाली, "असू द्या आता."